जॉब मशीनवर आहे

कोल्हापूरकडचे पाहुणे आमच्या बेळगावात येतात, घरातल्या पोराला "काय करतोस रे हल्ली?" म्हणून विचारतात, पोरगं म्हणतं "पीयूसी झाली", आणि पाहुण्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "कुठली गाडी घेतलीस?" त्यांच्या लेखी पीयूसी म्हणजे पेट्रोल पंपाच्या कडेला सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर तपासतात, त्याचा कागद. आमच्या लेखी ती अकरावी-बारावी. मधे फक्त महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळीचा टोलनाका. अलीकडे पोरगं पास होतं, पलीकडे गाडी.

अशी उदाहरणं उठता-बसता भेटत असताना, एका इंग्रजी शब्दाला दोन-चार-दहा अर्थ असू शकतात हे सीमाभागात कुणाला वेगळं शिकवावं लागू नये. पण लागतं. मी संध्याकाळी अनगोळात घरीच इंग्रजी बोलण्याचा क्लास घेते. उद्यमबागेतली शिफ्ट सुटली की मुलं येतात. फौंड्रीतली, मशीन शॉपमधली, आयटीआय करून नुकतीच कुठेतरी चिकटलेली. वडगाव-खासबागच्या विणकर घरांतल्या मुली येतात. बहुतेकांची शाळा सरकारी मराठी. घरात मराठी, बाजारात आणि कचेरीत कन्नड, वर्कशॉपमध्ये दोन्हींची मिसळ आणि वरून हिंदीची शेव. एका वस्तूला तीन नावं असतात हे त्यांना बोलायला लागल्यापासून ठाऊक. तरीही इंग्रजी शब्द समोर आला की हात आपोआप वहीकडे जातो आणि पान मधोमध दुमडलं जातं. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, मधे बरोबरचं चिन्ह. प्ले बरोबर खेळणे. रन बरोबर धावणे. बॉर्डर बरोबर सीमा.

माझा राग त्या बरोबरच्या चिन्हावर आहे. गणितात ते शोभतं. शब्दार्थाच्या वहीत ते सांगतं की डावीकडचा शब्द उजवीकडे संपला, आता पुढचा घ्या. मग तोच शब्द मुलाखतीत किंवा साहेबाच्या मेसेजमध्ये निराळ्या अर्थानं आला की पोरगं मान खाली घालून म्हणतं, "आपल्याला इंग्लिश येत नाही ओ." येत असतं. बरंच येत असतं. पण जे येतं ते वहीत कधी लिहिलेलंच नसतं, म्हणून ते इंग्रजी आहे असं त्याला वाटतच नाही.

प्लेचंच सांगते. खेळणे लिहून झालं होतं, मी पुढचा शब्द घेणार, इतक्यात खानापूरकडचा एक मुलगा, लेथवर काम करतो, म्हणाला, "टीचर, बेअरिंगमध्ये प्ले आलाय म्हणत्यात की. बेअरिंग काय खेळतंय?" सगळे हसले. मी म्हटलं, प्ले म्हणजे काय ते दाखव बघू. त्यानं खिशातलं बॉलपेन काढलं, टोपण पेनाच्या मागच्या टोकावर चढवलं आणि दोन बोटांत धरून हलवलं. टोपण बसलं होतं पण गच्च नव्हतं. केसभर इकडे, केसभर तिकडे, टिक टिक असा बारीक आवाज. "हे. एवढंच. जास्ती झालं की जॉब खराब. आणि अजिबात नसलं तरी चालत नाही, जाम होतंय."

याहून चांगली व्याख्या कुठल्या कोशात माझ्या वाचनात नाही. दोन वस्तू एकमेकींत बसलेल्या, तरी मधे हलायला मोकळीक. जुन्या इंग्रजीत या धातूचे जे सगळ्यात जुने अर्थ सापडतात त्यांत चपळपणे हलणं, अंग हलवणं हा अर्थ आहेच. मुलांचा खेळ त्यातच येतो. रंगमंचावरचं नाटक, पेटीवर फिरणारी बोटं, पाण्यावर हलणारा उजेड, स्टिअरिंग किंचित फिरवलं तरी चाक वळत नाही ती ढिलाई, सगळ्यांना इंग्रजी एकच शब्द वापरते, कारण सगळीकडे काहीतरी मोकळं हलतंय. लेथवरच्या मुलाकडे हा अर्थ बोटांत होता. वहीत मात्र खेळणे.

याच मुलाचा एक मित्र एका ठिकाणी मुलाखतीला गेला होता. समोरच्या साहेबांनी इंग्रजीत विचारलं, सध्या तुमचा जॉब कुठे आहे? यानं प्रामाणिकपणे सांगितलं, "ऑन द मशीन, सर." साहेब हसले, आणि नोकरी काही लागली नाही. मशीन शॉपमध्ये जॉब म्हणजे चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, धरलेला लोखंडाचा तुकडा. जॉब लावायचा, जॉब काढायचा, जॉबला फिनिश द्यायची. साहेबांना हसू आलं खरं, पण भाषेच्या इतिहासात पोरगं साहेबांच्या पुढे होतं. सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत दिसू लागतो तो कामाचा एक तुकडा, एक नग काम, याच अर्थानं. महिन्याच्या पगाराची कायमची नोकरी हा अर्थ त्याला पुष्कळ नंतर चिकटला. उद्यमबागेत रोज शेकडो तोंडी असलेला अर्थ थोरला, आणि नोकरीच्या जाहिरातीतला धाकटा. मुलाखतीत हे सांगता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

अर्थात प्रत्येक वेळी धागा जुळतोच असं नाही, आणि ओढूनताणून जुळवायला गेलं की हसं होतं. फाइल घ्या. वर्कशॉपमध्ये फाइल म्हणजे कानस. कडा घासायची, बर म्हणजे कडेला राहिलेला धारदार कंगोरा काढायचा. कचेरीत फाइल म्हणजे कागदांचा गठ्ठा. एका मुलानं मोठा विचार करून सांगितलं, कचेरीतली फाइलपण माणसाला घासती, म्हणून. दाद द्यायला हवी, पण हे दोन मुळातच वेगळे शब्द आहेत. कानसवाली फाइल इंग्रजीत पूर्वापार आहे. कागदवाली फ्रेंचमधून आली आणि तिच्या मुळाशी लॅटिनमधला सुताचा धागा आहे. पूर्वी कागद दोऱ्यात किंवा तारेत ओवून ठेवत. सरकारी फाइलीला आजही भोकं पाडून नाडी बांधतात, ती मूळ फाइल म्हणायची, बाकी नुसता पुठ्ठा. एकामागे एक रांगेत चालण्यालाही इंग्रजीत फाइल म्हणतात, तीही ओवलेलीच.

सगळ्यात रंगलं ते कास्टवर. उद्यमबागेच्या आसपास राहणाऱ्याला कास्टिंग समजावून सांगावं लागत नाही. मातीचा साचा, त्यात ओतलेला रस, थंड झाल्यावर फोडून काढलेला पार्ट. ओतीव लोखंडाला आमच्याकडची जुनी माणसं अजून बीड म्हणतात (जिल्ह्याचा काही संबंध नाही). कास्ट हा शब्द उत्तरेकडच्या नॉर्स लोकांनी इंग्रजीत आणला, फेकणे, टाकणे या अर्थानं. मी मुलांना म्हटलं, टाकणे धरून चला. कोळी जाळं टाकतो, कास्ट. मतदार मत टाकतो, कास्ट. आपण नजर टाकतो, उजेड टाकतो, दोन्हीकडे कास्ट. साच्यात रस टाकला, कास्ट. मोडलेल्या हातावरचं प्लास्टर साच्यासारखं घट्ट होतं, तेही कास्ट. नाटकातली पात्रयोजनासुद्धा. मराठीनं इतक्या ठिकाणी टाकणेच वापरावं, हा योगायोग असेलही, पण शिकवणाऱ्याच्या फार कामाचा.

तेवढ्यात फौंड्रीत काम करणाऱ्या मुलानं विचारलं, "मग कास्ट आयर्नची कास्ट कुठली, टीचर?" त्याची त्याच सुमारास कास्ट सर्टिफिकेटसाठी धावपळ चालली होती, त्यामुळे प्रश्न अर्धा थट्टेचा होता आणि अर्धा नव्हता. देवनागरीत दोन्ही शब्द तंतोतंत सारखे. इंग्रजीत लिहिताना जातीच्या कास्टला शेवटी एक ई जास्त लागतो, एवढाच फरक, आणि उच्चारात तोही नाही. पण घराणी अगदी वेगळी. जातीचा कास्ट आला पोर्तुगीजांकडून. १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला. त्यांच्या भाषेत कास्ता म्हणजे वंश, जातकुळी. इथला समाज पाहून त्यांनी तो शब्द आपल्या जातींना लावला आणि पुढे इंग्रजांनी उचलला. बेळगावहून चोर्ला घाट उतरलं की गोवा. जगभरच्या पुस्तकांत आज तो शब्द आपल्या समाजाची ओळख म्हणून छापला जातो, आणि तो आपला नाहीच.

मला वाटलं होतं, आता कुणीतरी म्हणणार की भट्टीत सगळं लोखंड एकच. तसलं वाक्य अशा जागी नेहमी तयार असतं. पण तो मुलगा म्हणाला, "भंगारालापण जात असते ओ. बीडाचं वेगळं, स्टीलचं वेगळं, बघून चार्ज करायला लागतंय. चुकून भलतंच गेलं की अख्खी हीट वाया." हीट म्हणजे उष्णता नव्हे, एका वेळी भट्टीत वितळवलेला सगळा माल म्हणजे एक हीट. हा अर्थही कुठल्या शाळेच्या वहीत नसतो.

चार्ज त्यानं सहज वापरला, म्हणून लगेच घेतला. भट्टी चार्ज करतात, मोबाइल चार्ज करतात, नव्या अधिकाऱ्यानं चार्ज घेतला, हॉटेलवाल्यानं जीएसटी चार्ज केला, पोलिसांनी चार्जशीट दाखल केलं. मुळाशी लॅटिनमधलं गाडीवर माल लादणं आहे. भार म्हटलं की बरंचसं उलगडतं. मराठीनं कार्यभार आणि विद्युतभार असे दोन्ही शब्द त्या भारावरच उभे केलेत. लाठीचार्ज समजावण्यात मी वेळ घालवत नाही. सीमाभागात तो अर्थ घरोघरी पाठ आहे.

आणि बॉर्डर. हा शब्द फळ्यावर लिहिला की खोलीतली हवा थोडी बदलते. १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेलेलं बेळगाव, सीमाप्रश्नावरचा महाजन आयोग, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्राचा दावा, दर १ नोव्हेंबरचा काळा दिन. ज्यांचे आजोबासुद्धा या प्रश्नात म्हातारे झाले ती ही मुलं. सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, सीमा. वडगावची एक मुलगी तेवढी म्हणाली, "काठ."

तिच्या घरात माग आहे. साडी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी बॉर्डर बघतं, मग अंगाचा रंग, मग पदर. बॉर्डर किती इंची, जरीची की रेशमाची, दोन्ही बाजूंना सारखी की खालची रुंद, हे प्रश्न तिनं लहानपणापासून ऐकलेत. काठाचा ताणा वेगळ्या रंगाचा, तो आधीच वेगळा लावून घ्यावा लागतो. एक धागा तुटला आणि लक्ष गेलं नाही तर तेवढ्या लांबीची रेघ साडीभर दिसते. हे तिनं हातानं हवेत माग दाखवत सांगितलं. मुलं गप्प ऐकत होती. आमच्या गावात बॉर्डरवर इतका वेळ बोलून कुणाचा आवाज चढला नाही, असं क्वचित होतं.

आणि पुन्हा तीच गंमत, तिचा अर्थ वयानं मोठा. इंग्रजीत बॉर्डर आला तो फ्रेंचमधून, कडा, किनार, ढालीभोवतीचा रंगीत पट्टा, या अर्थानं. दोन राज्यांमधली सरहद्द हा अर्थ नंतर रुळला, आणि तो रुळवण्यात स्कॉटलंड आणि इंग्लंडमधल्या भांडणाचा मोठा हात आहे. तिथेही सरहद्दीवरच्या मुलुखाचं नावच बॉर्डर्स पडलं. हे ऐकून मागून एकजण म्हणाला, "म्हणजे त्यांच्यातबी सीमाभाग हाय म्हणा." आहे. केस सुप्रीम कोर्टात नाही, एवढंच.

काही मुलांना तरीही वाटत राहतं की ही इंग्रजीचीच खोड आहे, आपली भाषा सरळ असते. त्यांच्यासाठी मी लागणे काढते. भूक लागली, आग लागली, ठेच लागली, नोकरी लागली, नळाला पाणी लागलं, पिक्चर कुठला लागलाय, तो तुझा कोण लागतो, डोळा लागला, वेळ लागेल, आंबा गोड लागला. परदेशी माणसानं वहीत लागणे बरोबर काय लिहायचं? मुलं एकेक उदाहरण वाढवत जातात आणि थांबवावी लागतात.

कन्नडमध्ये तर रोजच्या बसचंच उदाहरण आहे. कंडक्टर ओरडतो, "हत्तरी, हत्तरी", म्हणजे चढा, चढा. चढल्यावर तिकिटाचे म्हणून मागतो "हत्तु रूपायी", म्हणजे दहा रुपये. आणि आग लागली तर "बेंकी हत्तितु". एकच हत्तु चढतो, मोजतो आणि पेटतोसुद्धा, आणि बेळगावातल्या मराठी माणसाचा त्यात कधी गोंधळ झालेला नाही. (बायकांना २०२३ पासून शक्ती योजनेत साध्या बसचं तिकीट नाही, त्यामुळे आमचा मधला हत्तु सध्या सुटीवर आहे.)

कशामुळे गोंधळ होत नाही, तर शब्द एकटा येत नाही. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, हे शब्दांइतकं क्वचितच कुणाला लागू पडत असेल. जे. आर. फर्थ नावाच्या ब्रिटिश भाषातज्ज्ञानं १९५७ मध्ये मांडलं की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. हे फर्थसाहेब १९२० च्या दशकात लाहोरला, पंजाब विद्यापीठात, इंग्रजी शिकवत होते. तिथल्या बहुभाषक वर्गात त्यांनी काय काय ऐकलं असेल, याबद्दल मला उगाच कुतूहल वाटतं.

म्हणून आमच्या वहीत आता बरोबरचं चिन्ह नाही. शब्दाखाली वाक्यं लिहायची, आणि तीही स्वतःच्या दिवसातली. रनखाली एकानं लिहिलं, मशीन दोन शिफ्ट रन होतंय. दुसऱ्यानं क्रिकेट. फौंड्रीवाल्यानं रनर, म्हणजे साच्यात रस वाहत जातो तो पाट. एका मुलीनं लिहिलं, माझी आई खानावळ रन करते. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात १९८९ च्या आवृत्तीपर्यंत सेट या शब्दाची नोंद सगळ्यात लांब होती. नव्या आवृत्तीच्या कामात रननं त्याला मागे टाकलं, नुसत्या क्रियापदाचेच ६०० वर अर्थ निघाले. आकडा ऐकून मुलं हबकतात. मी म्हणते, घाबरू नका, इंग्रजीत जे धावतं त्यातलं पुष्कळसं मराठीत चालतं. मशीन चालतं, दुकान चालतं, खानावळ चालते, सिनेमा महिनाभर चालतो. घाई त्यांना आहे, आपल्याला नाही.

पण हा हातखंडा सगळीकडे चालत नाही. वस्तूंच्या, कामाच्या शब्दांना मुलांकडे हात असतो. गेट, पुट, टेक आणि त्यांच्या मागे लागलेले अप, ऑफ, आउट आले की वर्कशॉपही मदतीला येत नाही आणि मागही. जो शब्द जास्त वापरात, त्याला अर्थ जास्त, हे झिप्फ नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९४५ मध्ये मोजून दाखवलं. म्हणजे सगळ्यात सोपे दिसणारे हे चिमुकले शब्दच सगळ्यात अवघड. ते पाठ करून येत नाहीत, कानावरून शेकडो वेळा जावे लागतात, आणि इंग्रजी ऐकायला मिळेल असं घर यांतल्या कुणाचंच नाही. मोबाइलवर सिनेमे बघा म्हणते. बघतात, पण खाली ओळी असलेले, आणि ओळी वाचतात.

परवा गो ऑफ निघालं. लाइट वेंट ऑफ म्हणजे करंट गेला, इथपर्यंत ठीक. अलार्म वेंट ऑफ म्हणजे वाजला, हे कळल्यावर बंडच झालं. "वाजला तर ऑन म्हणाय पाहिजे की ओ!" त्यात भर म्हणून दूध वेंट ऑफ, म्हणजे नासलं. मी विचारलं, मराठीत असा शब्द सांगा, जो सुरू होण्यालाही चालतो आणि संपण्यालाही. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग लेथवाला म्हणाला, "सुटणे. शाळा सुटली म्हणजे संपली. वारा सुटला म्हणजे सुरू झाला."

मग धडाका लागला. गोळी सुटली, नोकरी सुटली, कोडं सुटलं, तोंडाला पाणी सुटलं, अमक्याचं पोट सुटलं. अमका तिथेच बसला होता. वडगावची मुलगी मात्र पेन गालाला लावून बसली होती. "बाकी सगळं बसतंय टीचर," ती म्हणाली, "पण दूध? दूध कुठं सुटतंय, ते नासतंय." मी म्हटलं, दुधाचं पुढच्या वेळी बघू, आणि तोवर येळ्ळूरची बस सुटेल म्हणून दोघं चपला शोधत होते.